सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट : पन्नास वर्षांचा वृत्तान्त

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यातील सेंट अँड्र्यूज या जुन्या विद्यापीठनगरीलगत, एका अंगास उपसागर आणि दुसऱ्या अंगास ईडन नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूचा जो चिंचोळा पट्टा पसरला आहे, त्याचा कारभार १९७४ साली पार्लमेंटच्या कायद्याने एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे सोपविण्यात आला. ती संस्था म्हणजे सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट. २०२४ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की तिने काय काय उभारले याची मोजदाद प्रथम डोळ्यांपुढे येते, आणि या संस्थेच्या खात्यावर तशी जमाही थोडीथोडकी नाही. परंतु जगातील सर्वांत प्राचीन मानले जाणारे गॉल्फ मैदान ताब्यात असता, त्याच्या मूळ भूरचनेस धक्का लागू न देण्याचा जो संयम तिच्या विश्वस्तांनी आणि सेवकांनी दाखविला, तो प्रस्तुत लेखकास त्या साऱ्या जमेहून मोठा वाटतो.

मराठी वाचकाला हे स्थळ सर्वस्वी परके नाही. १८४२ साली मुंबईत स्थापन झालेल्या गॉल्फ मंडळाने पुढे सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबास एक रौप्यपदक अर्पण केले, आणि ते पदक मुंबईच्याच नावाने ओळखले जाते.

पूर्वपीठिका : १५५२ ते १९७३

हिमयुग सरल्यानंतर येथील समुद्र हळूहळू मागे हटला, आणि उघड्या पडलेल्या पुळणीवर वाऱ्याने वाळूची टेकाडे रचली. त्या वाळूत प्रथम लांब पात्याचे राठ गवत रुजले. त्याच्या मुळांनी वाळू बांधून धरल्यावर तिच्यावर फेस्क्यू आणि बेंट या जातींची बारीक, चिवट हिरवळ पसरली, आणि मध्येमध्ये पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांची दाटी झाली. नांगराखाली येण्याजोगी ही जमीन नव्हती, म्हणून ती आपल्याकडील गायरानासारखी साऱ्या गावाच्या वापरास मोकळी राहिली. येथे मेंढ्या चरत, ससे धरले जात, ओहोळावर धुतलेले कपडे झुडपांवर वाळत पडत, आणि याच जागेवर लोक चेंडू-काठीचा खेळ खेळत. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या १५५२ च्या सनदेत, तेथे सशांची पैदास करण्याचा त्यांचा हक्क नमूद होतानाच, गॉल्फ, फुटबॉल आदी खेळांसाठी ती भूमी वापरण्याची नगरवासीयांची वहिवाटही मान्य झाली आहे. पुढील चार शतकांतील सर्व तंटे, खटले आणि कायदे यांचा पाया या वहिवाटीत आहे.

ज्यास आज ‘ओल्ड कोर्स’ म्हणतात त्या मैदानाचा आराखडा कोणा एका शिल्पकाराने काढलेला नाही. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्या उंचवट्यांच्या कुशीत बसत व तेथील गवत झिजवीत. सशांच्या बिळांची छपरे कोसळत. आणि उतारामुळे ज्या ठिकाणी चेंडू वारंवार येऊन विसावत, तेथील हिरवळ खेळाडूंच्या फटक्यांनी उखडली जाई. या त्रिविध कारणांनी जमिनीस पडलेले व्रण वाऱ्याने पोखरून खोल केले आणि त्यांचे बंकर, म्हणजे खेळात अडथळा ठरणारे वाळूचे खड्डे, झाले, असे परंपरा सांगते. ती जमीन पाहणाऱ्याला हे सांगणे पटल्यावाचून राहत नाही, कारण चेंडू आपसूक जेथे ओढला जातो नेमका तेथेच बंकर असतो. आज ओल्ड कोर्सवर ११२ बंकर मोजले जातात, आणि त्यांपैकी कित्येकांना स्वतःची नावे आहेत.

खेळाची वाटदेखील भूमीनेच ठरविली. पट्टा अरुंद असल्यामुळे खेळाडू नगरापासून खाडीच्या टोकापर्यंत खेळत जात आणि त्याच होलांवरून उलट खेळत परत येत. १७५४ साली बावीस सरदार-सद्गृहस्थांनी स्थापन केलेल्या सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यूज गॉल्फर्सने १७६४ मध्ये आरंभीच्या चार होलांचे दोन केले. जाता-येता तीच वाट असल्याने बावीस होलांची फेरी अठराची झाली, आणि अठरा हा आकडा कालांतराने जगभर प्रमाण ठरला. ही सोसायटी १८३४ साली राजाश्रय मिळून ‘रॉयल अँड एन्शंट’ झाली. खेळणाऱ्यांची गर्दी वाढल्यावर जाणारे आणि येणारे एकाच होलाशी समोरासमोर येऊ लागले. तेव्हा ग्रीन, म्हणजे होलाभोवतीची बारीक राखलेली हिरवळ, रुंदावून प्रत्येकावर दोन होल करण्यात आले. असे सात जोड-ग्रीन आजही आहेत. त्यांवरील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा भरते: दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, पाचव्याचा तेरावा.

मध्यंतरी ही भूमी हातची जाण्याचाही प्रसंग आला होता. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरसभेने लिंक्स, म्हणजे हा वाळूचा किनारी पट्टा, गहाण टाकली. पुढे ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या मक्त्यात गेली, सशांच्या बिळांनी हिरवळ पोखरली, आणि खेळाडू व मक्तेदार यांच्यातील झगडा न्यायालयापर्यंत पोहोचला. १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी ती विकत घेऊन गॉल्फसाठी राखली नसती, तर या इतिहासास विषयच उरला नसता. १८९४ च्या कायद्याने लिंक्सची मालकी पुनश्च नगराकडे आली, आणि रॉयल अँड एन्शंटने स्वखर्चाने शेजारी दुसरे मैदान सिद्ध केले. १८९५ साली खुल्या झालेल्या त्या मैदानास ‘न्यू कोर्स’ म्हणतात. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षी, १८९७ मध्ये, स्त्रिया व नवशिके यांच्यासाठी ‘ज्युबिली’ झाले. १९१४ मध्ये हॅरी कोल्ट यांनी खाडीच्या काठी ‘ईडन’ आखले.

या कालखंडात ओल्ड कोर्सला मनुष्याचा हात लागला तो मुख्यतः दोघांचा. नगरातील गॉल्फपटू ॲलन रॉबर्टसन यांनी झुडपे मागे हटवून खेळाची वाट रुंद केली. टॉम मॉरिस यांना १८६४ साली प्रेस्टविकहून मैदानाचे रक्षक म्हणून परत बोलावण्यात आले, तेव्हा अधिकारचिन्हे म्हणून त्यांच्या स्वाधीन एक हातगाडी, एक कुदळ आणि एक फावडे करण्यात आले. ही तीन हत्यारे म्हणजेच या भूमीवर चालू शकणाऱ्या स्थापत्याची मर्यादा होय. मॉरिस यांनी पहिला व अठरावा ग्रीन घडविला, ग्रीनवर वाळू पसरून हिरवळ जोमदार करण्याची रीत रूढ केली, आणि जमिनीच्या चढउतारास मात्र हात लावला नाही. १९०३ पर्यंत ते या पदावर होते.

वाट रुंद झाल्याचा परिणाम फार दूरगामी ठरला. पूर्वी खेळाडूस एकच मार्ग होता. आता डावीकडचा निर्धोक पण लांबचा आणि उजवीकडचा जोखमीचा पण फायद्याचा, असे पर्याय उत्पन्न झाले, आणि त्यांतील निवड दर दिवशी वाऱ्याच्या दिशेनुसार बदलू लागली. खेळ बाहुबळाइतकाच विवेकाचा झाला. हे मर्म शास्त्रशुद्ध रीतीने ज्यांनी जगापुढे मांडले ते अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी व्यवसायाने वैद्य होते. बोअर युद्धात शस्त्रवैद्य म्हणून काम करीत असता, बोअर लोक मातीच्या नैसर्गिक ठेवणीतच आपली ठाणी कशी लपवितात हे त्यांनी न्याहाळले, आणि तीच दृष्टी मैदानाच्या रचनेस लावली: कृत्रिम ते नैसर्गिकापासून वेगळे ओळखू येऊ नये. १९२४ साली त्यांनी ओल्ड कोर्सची तपशीलवार मोजणी करून नकाशा सिद्ध केला. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक बंकर त्यात आहे. मेलबर्न, कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट आणि जॉर्जियातील ऑगस्टा येथील त्यांच्या मैदानांवर या मोजणीचा ठसा आहे. ऑगस्टामधील त्यांचे सहकारी बॉबी जोन्स यांनी १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या अकराव्या होलावर वैतागून खेळ अर्धा सोडला होता. त्याच मैदानावर त्यांनी १९२७ ची ब्रिटनची ओपन स्पर्धा जिंकली, आणि १९५८ मध्ये नगराने त्यांना मानद नागरिकत्व दिले. ही भूमी उमजण्यास वेळ लागतो, आणि उमजल्यावर ती सोडवत नाही.

१९७४ ते १९८३

स्कॉटलंडच्या स्थानिक स्वराज्याची फेररचना होऊन जुन्या नगरसभा १९७५ साली बरखास्त व्हावयाच्या होत्या. नगरसभाच नाहीशी झाल्यावर लिंक्सचे काय, ती दूरच्या एखाद्या जिल्हा कचेरीच्या दप्तरातील एक बाब होऊन राहील की काय, ही चिंता नगरवासीयांना लागली. त्या चिंतेतून १९७४ चा कायदा आणि त्याखाली हा ट्रस्ट जन्मास आला. रॉयल अँड एन्शंट, स्थानिक कौन्सिल आणि सरकार यांनी नेमलेले प्रतिनिधी, तसेच त्या मतदारसंघाचे पार्लमेंट-सदस्य, असे विश्वस्त मंडळ घडविण्यात आले. दैनंदिन व्यवस्थेसाठी निराळी कारभार समिती नेमली गेली. नगरवासीयांचा माफक वर्गणीत खेळण्याचा हक्क कायद्याने अबाधित ठेवला, आणि मैदान बाहेरच्यांनाही खुले राहील अशी तजवीज केली. इतके भिन्न हितसंबंध एका मेजाभोवती बसले म्हणजे मतभेद व्हावयाचेच. परंतु भूमी कोणा एकाची नाही या तत्त्वावर सर्वांचे एकमत राहिले.

त्याच वर्षी वॉल्टर वुड्स यांच्याकडे मैदानांची देखरेख आली व ती १९९५ पर्यंत राहिली. तो काळ खत आणि पाणी यांचा सढळ वापर करून गडद, मऊ हिरवळ वाढविण्याच्या मोहाचा होता. वुड्स आणि त्यांचे सहकारी उलट दिशेने गेले. वाळूच्या जमिनीस पाणी व खत बेताने द्यावे, म्हणजे फेस्क्यू व बेंट ही मूळची गवते टिकतात आणि जमीन टणक राहते. ती टणक राहिली तरच चेंडू घरंगळतो, आणि चेंडू घरंगळला तरच शतकानुशतके तयार झालेले चढउतार खेळात काही काम करतात. मऊ, ओल्या हिरवळीवर तीच रचना मुकी होते. मैदानाचे स्थापत्य गवताच्या पात्यात असते, ही गोष्ट या माणसांनी हाताने काम करून सिद्ध केली.

याचा प्रत्यय १९७८ च्या ओपन स्पर्धेत साऱ्या जगास आला. सतराव्या होलावर, ज्यास ‘रोड होल’ म्हणतात, ग्रीन लांबट आणि तिरकस आहे. त्याच्या मागे रस्ता व दगडी भिंत, आणि पुढे, ग्रीनच्या पोटात शिरलेला, एक लहानसा उभ्या भिंतीचा बंकर. जपानचे टॉमी नाकाजिमा दोनच फटक्यांत ग्रीनवर आले होते. त्यांनी हळुवार ढकललेला चेंडू उताराने वळला व त्या बंकरात उतरला. तेथून बाहेर येण्यास चार फटके लागले आणि त्या होलावर एकूण नऊ झाले. हा बंकर आकाराने लहान आहे, पण सभोवतालची जमीन दुरून चेंडू त्याच्याकडे आणते. अशा रचनेचे मोजमाप फूटपट्टीने होत नाही. त्या वर्षीचे विजेतेपद जॅक निक्लॉस यांनी मिळविले.

१९८४ ते १९९३

खेळू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि एका ओल्ड कोर्सवर तो भार टाकणे म्हणजे त्याचा नाश ओढवणे होते. विश्वस्तांनी शेजारच्या मैदानांचा दर्जा उंचावण्याचे धोरण धरले. डोनाल्ड स्टील यांच्या हातून ज्युबिली मैदानाची पुनर्रचना झाली. वाळूच्या टेकाडांमधून वाट काढणारे ते आज येथील सर्वांत कठीण मैदानांपैकी एक गणले जाते. १९९३ मध्ये स्टील यांनीच आखलेले ‘स्ट्रॅथटायरम’ खुले झाले. जेम्स चीप यांच्या वास्तूचे नाव त्यास मिळाले हे उचित झाले. मुलांसाठी व नवशिक्यांसाठी १९७२ पासून असलेले नऊ होलांचे ‘बॅलगोव्ह’ही याच सुमारास नव्याने घडविण्यात आले.

१९९४ ते २००३

१९९५ साली ट्रस्टची स्वतःची क्लबहाउस इमारत झाली. कोणत्याही क्लबाचा सभासद नसलेल्या सामान्य खेळाडूसही तेथे बसता-उठता येऊ लागले, ही सार्वजनिक संस्थेस शोभणारी गोष्ट घडली. २००० सालच्या ओपनमध्ये टायगर वुड्स यांनी चार दिवसांच्या खेळात एकाही बंकरात चेंडू जाऊ दिला नाही व १९ अंडर पारने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १९ कमी घेऊन, विजय मिळविला. त्यावरून जुने मैदान नव्या सामर्थ्यापुढे अपुरे पडू लागले असा निष्कर्ष काहींनी काढला. आम्हांस तो मान्य नाही. बंकर कोठे आहेत हे ध्यानी धरून प्रत्येक फटका बेतणे, हेच तर हे मैदान शिकविते.

२००४ ते २०१३

२००७ मध्ये ब्रिटनची महिला ओपन स्पर्धा प्रथमच ओल्ड कोर्सवर झाली व मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी ती जिंकली. दुसऱ्याच वर्षी, नगराच्या पूर्वेस समुद्रकड्यावरील शेतजमिनीवर, डेव्हिड मॅक्ले किड यांनी रचलेले ‘कॅसल कोर्स’ हे ट्रस्टचे सातवे मैदान सुरू झाले. येथील प्रश्न अगदी वेगळा होता. नांगरून सपाट झालेल्या शेतात निसर्गाने काही शिल्लक ठेवले नव्हते. माती हलवून, उंचवटे घालून, जणू ते पूर्वापार तेथेच होते असा भास निर्माण करावयाचा होता. किड यांनी ते धाडसाने केले, आणि ग्रीनच्या तीव्र चढउतारांत पुढे काही सौम्यता आणण्यात आली. सरावलेल्या डोळ्यास हे मैदान आणि ओल्ड कोर्स या दोन्हींतील फरक कळतो, यात किड यांचा काही दोष नाही. वाऱ्यास आणि मेंढ्यांस शतके मिळाली होती.

ओल्ड कोर्सवरही २०१२ च्या हिवाळ्यापासून मार्टिन हॉट्री यांच्या देखरेखीखाली काही थोडे फेरफार झाले. रोड बंकर किंचित रुंद केला गेला व अकराव्या ग्रीनच्या मागील भागाचा उतार सौम्य केला गेला. त्यासंबंधी त्या वेळी बरीच चर्चा झाली. तिचा ऊहापोह येथे प्रस्तुत नाही. इतकेच नमूद करावेसे वाटते की अर्ध्या मीटरच्या बदलाविषयी जगभरातील लोक पोटतिडिकेने बोलले, आणि इतकी आस्था फार थोड्या भूमींच्या वाट्यास येते.

२०१४ ते २०२४

२०१५ च्या ओपनमध्ये वाऱ्याचा जोर इतका होता की ग्रीनवर ठेवलेले चेंडू आपोआप सरकू लागले; खेळ कित्येक तास थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. २०२२ मध्ये दीडशेवी ओपन येथेच झाली. सेंट अँड्र्यूज येथील ती तिसावी. प्रेक्षकांची संख्या २,९०,००० वर गेली, आणि ऑस्ट्रेलियाचे कॅमेरॉन स्मिथ २० अंडर पारने विजयी झाले. सुवर्णमहोत्सवी वर्षी महिला ओपन तिसऱ्यांदा येथे आली व न्यूझीलंडच्या लिडिया को यांनी ती जिंकली.

या दशकातील एक लहान घटना सांगण्याजोगी आहे. अठराव्या होलाच्या वाटेवर स्विल्कन ओहोळावरचा जुना दगडी पूल आहे; त्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय पाहुणा परत जात नाही. सहस्रावधी पावलांनी पुलाच्या तोंडाशी हिरवळ उरेना, म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे दगडी फरसबंदी करून पाहण्यात आली. ती त्या जागेस शोभत नाही हे लोकांनी एकमुखाने सांगितले, आणि ट्रस्टने काही दिवसांतच ते दगड उचलून तेथे पुन्हा हिरवळ लावण्याचे ठरविले. सार्वजनिक संस्थेने लोकांचे म्हणणे असे त्वरित मानावे, याबद्दल तिचे अभिनंदनच केले पाहिजे.

आज संस्थेपुढील सर्वांत मोठे काम समुद्राशी आहे. ज्या लाटांनी ही भूमी घडविली त्याच आता खाडीच्या बाजूने व पश्चिम पुळणीच्या टेकाडांवर तिची झीज करीत आहेत. इतर संस्थांच्या सहकार्याने वाळू आणून टेकाडांचे खिंडार बुजविणे, त्यावर लांब पात्याचे गवत लावणे आणि पायवाटा ठरावीक ठेवून ती मुळे जगविणे, हे काम चिकाटीने चालू आहे. त्याच्या जोडीला नित्याचे काम असतेच. बंकरांच्या भिंती हिरवळीच्या विटांसारख्या कापलेल्या थरांनी एकावर एक रचलेल्या असतात; उन्हावाऱ्याने त्या दर काही वर्षांनी सुकून ढासळतात, आणि हिवाळ्यात सेवकवर्ग गारठ्यात गुडघे टेकून त्या पुन्हा उभारतो. हिवाळ्यात हिरवळीस विसावा मिळावा म्हणून ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर खेळाडूंना लहान चटईच्या तुकड्यावरून चेंडू मारावा लागतो, आणि तो नियम कोणासही माफ नाही. या सेवकांची नावे चषकांवर कोरली जात नाहीत. संस्थेचा इतिहास मात्र त्यांनीच घडविला आहे.

मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि मैदान सर्वांना फिरण्यास मोकळे असते. शुल्क नाही, परवाना नाही. स्कॉटलंडला जाणाऱ्या मराठी वाचकांनी, विशेषतः आपल्याकडे टेकड्या सपाट करून मैदाने आखण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी, एक रविवार राखून पहिल्या टीपासून खाडीच्या टोकापर्यंत पायी जावे, ग्रीनवर न चालता कडेने त्याचे चढउतार पाहावेत, आणि रोड बंकराच्या काठी उभे राहून सभोवतालची जमीन त्याच्याकडे कशी उतरत येते हे स्वतः न्याहाळावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.